माझ्या पिस्तुलाची मूठ

पिस्तूल बाळगणारी बाई म्हटलं की लोक पुढे सरकून बसतात. काहीतरी भानगड ऐकायला मिळेल असं त्यांना वाटतं. माझ्याकडे तसलं काही नाही. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि रविवारी सकाळी कागदावरच्या काळ्या वर्तुळावर गोळ्या झाडत होते. दोन्ही कामांत मी चांगली होते. हे मीच सांगते, कारण सांगणारी बाकीची माणसं आता राहिली नाहीत आणि खोटा विनय मला कधी जमला नाही.

पिस्तूल मूळचं वडिलांचं. ते रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करत. सत्तेचाळीस साली एक गोरा अधिकारी घरचं सामान विकून विलायतेला निघाला, तेव्हा वडील त्याच्याकडची आरामखुर्ची बघायला गेले आणि पिस्तुलाचा सौदा करून आले. इकडे आईनं खुर्चीसाठी ओटीवरची जागा झाडून ठेवली होती. ती पुढे महिनाभर त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून वडिलांना टोमणे मारत असे. पिस्तूल बावीस बोअरचं, लांब नळीचं, खास निशाणबाजीसाठी केलेलं. त्याची गोळी पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. वडिलांनी रीतसर परवाना काढून ते चार-पाच वर्षं हौसेनं चालवलं, मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

"मला आता निशाणाच्या जागी पौर्णिमेचा चंद्र दिसतो," ते म्हणाले. "तू घे. तुझा हात थरथरत नाही. थरथरतो तो स्वभाव, पण त्याला परवाना लागत नाही."

परवाना माझ्या नावावर करायला मी कलेक्टर कचेरीत गेले. अर्जात कारणाचा रकाना होता. आमच्या जिल्ह्यात बंदूक म्हणजे बागायतदाराची, माकडांना आणि डुकरांना हाकलायची. कारकुनानं मला चांगल्या मनानं सल्ला दिला, "बाई, शेतीसंरक्षण लिहा. लवकर सुटेल."

"आम्हांला शेती नाही."

"परसात एखादा आंबा असेल की."

"आहे. पण त्यावरच्या माकडाला मी गोळी घालणार नाही."

मी 'नेमबाजीचा खेळ' असं लिहिलं. तीनदा अर्ज परत आला, तीनदा मी तोच शब्द लिहिला. पाच महिन्यांनी परवाना हातात पडला तेव्हा त्यावरही तेच लिहिलेलं होतं. मी तो कागद आईला वाचून दाखवला आणि तिनं मला चुलीवरचं दूध बघायला सांगितलं.

गावाबाहेर कातळावर चिऱ्याची एक बंद पडलेली खाण होती. तिन्ही बाजूंना तांबड्या दगडाच्या उभ्या भिंती, चौथ्या बाजूनं उतरायची वाट. एका निवृत्त सुभेदारांनी पोलिसांची परवानगी काढून तिथं रविवारची चांदमारी सुरू केली होती. येणारे आठ-दहा जण, त्यांत दोन वकील, एक डॉक्टर, बाकी बागायतदार, आणि मी. सुभेदारांचे नियम कडक. नळीचं तोंड सदासर्वकाळ भिंतीकडे, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय काडतुसाला हात नाही. एका बागायतदारानं गप्पांच्या नादात पिस्तूल हातात घेऊन मागे वळून बघितलं, तर सुभेदारांनी त्याला तीन रविवार घरी बसवलं. तो तालुक्यातला मोठा असामी होता, पण बसला.

माझी अडचण होती ती मुठीची. पिस्तूल ज्या कुणासाठी घडवलं होतं त्याचा पंजा सुपाएवढा असावा. माझा हात लहान. पाच-सहा गोळ्या ठीक जायच्या, मग मूठ हळूहळू तळव्यात फिरायची आणि गोळ्या डाव्या हाताला खाली उतरत जायच्या. मी वहीत प्रत्येक गोळीची जागा मांडून ठेवत होते, त्यामुळे हे मला स्पष्ट दिसत होतं. सुभेदारांनी दोन महिने बघितलं आणि निकाल दिला.

"बाई, हात ल्हान हाय तुमचा. त्याला इलाज नाय."

मला मिरची झोंबली. वर्गात एखादी मुलगी म्हणाली की गणित चुकीचं आहे, तर मी तिला म्हणायचे, गणित बरोबर आहे, तुझी मांडणी चुकलीय. इथं उलट होतं. माझा हात होता तेवढा होता आणि त्यात काही चूक नव्हती. चूक मुठीत होती. घरी जाताना मी ठरवलं की मूठ बदलायची.

गावातल्या एका फर्निचरवाल्या सुतारानं पहिली मूठ करून दिली, ती लाटण्यासारखी गोल. दुसऱ्यानं केली ती देखणी होती, पण तिच्यावर त्यानं वेलबुट्टी कोरली आणि ती माझ्या बोटांना रुतायला लागली. तेव्हा वडिलांना राजिवड्याच्या मेस्त्रींची आठवण झाली. राजिवडा म्हणजे भाट्याच्या खाडीवरचा मुसलमान खलाशांचा आणि मच्छीमारांचा मोहल्ला. हे मेस्त्री तिथं होड्या बांधायचे. फार पूर्वी वडिलांनी त्यांचा एक जमिनीचा दावा चालवला होता आणि तेव्हापासून ईदेला त्यांच्याकडून आमच्या घरी शिरखुर्म्याचं भांडं यायचं.

मी पिस्तूल रिकामं करून, काडतुसं घरीच ठेवून, जाड फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेलं. खाडीच्या काठी एक अर्धी बांधलेली होडी उभी होती आणि मेस्त्री तिच्या पोटात बसले होते. साठीचा माणूस, पांढरी दाढी, कानामागे खडू. मी म्हटलं, "चाचा, याला मूठ करायचीय. माझ्या हाताची."

त्यांनी पिस्तुलाकडे पाहिलंच नाही. "हात दाव, बाय."

मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, बोटं एकेक करून वाकवली. मग पिस्तुलाची जुनी मूठ काढायला लावली आणि होडीच्या फटी बुजवायला त्यांच्याकडे राळेचं लुकण असायचं, त्याचा एक गोळा उघड्या लोखंडावर थापला. "धर आता. हात लांब कर, खाडीकडं. निशाण धरतेस तसा."

मी धरलं. एक मिनिट झालं, दोन झाली. त्यांनी बिडी पेटवली. मी म्हटलं, "चाचा, ठसा उठला असेल की."

"नाय. धर."

"हात भरून आलाय."

"येऊंदे. ताजा हात खोटा बोलतो, बाय. दमला की खरा बोलतो. मी होडीबी रिकामी बगत नाय, भरलेली बगतो."

हात लटलट कापायला लागला तेव्हा कुठं त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. लुकणावर माझ्या बोटांचे खड्डे पडले होते, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक खोल उतार, जो मला स्वतःला कधी कळला नव्हता. मी दमले की हाताचा सगळा भार तिथं टाकत होते. त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवत मेस्त्री बराच वेळ बसून राहिले. कागद नाही, फूटपट्टी नाही. मी गणिताची बाई, मला ते बघवेना, पण मी गप्प बसले. हे मला फारसं जमत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवते.

लाकूड त्यांनी एका मोडलेल्या मचव्याच्या सुकाणूतलं काढलं. सागाचं, काळपट पडलेलं. मी विचारलं, नवं चांगलं लाकूड का नाही. ते म्हणाले, "नवा लाकूड पानी पितो आनि फुगतो. ह्यानं पंचवीस वर्सं खारं पानी पिलंय. तुज्या घामानं ह्याचं काय व्हनार?"

चार रविवार मी चांदमारी आटोपून राजिवड्याला गेले. ते थोडं तासायचे, मी धरायचे, ते बघायचे, पुन्हा तासायचे. शेवटचं घासकाम त्यांनी माझ्यावर सोपवलं. खरवतीच्या पानांची एक जुडी दिली. ती पानं वाळली की काचकागदासारखी खरखरीत होतात. शाळेत मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात बसून ती मूठ घासायचे आणि बाकीच्या शिक्षिका विणकाम करत माझ्याकडे बघायच्या. बाकी फेरफार मात्र मी माझ्या डोक्यानं केले. नळीचं टोक हलकं वाटायचं म्हणून मच्छीमार जाळ्याला बांधतात ती शिशाची वजनं आणली आणि तांब्याच्या पट्टीनं नळीखाली बसवली. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा तो टोकाचा उंचवटा, उन्हात चमकायची, तिला चिमणीची काजळी धरली. चापालाही हात घालायचा माझा विचार होता, पण सुभेदारांनी तो तिथल्या तिथं मोडून काढला. चाप बनवणाऱ्यानं ठेवला तसाच राहील, नाहीतर खाणीत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. या एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं.

नव्या मुठीनं पहिल्या रविवारी मी दहा गोळ्या मारल्या. कागद आणला तेव्हा दहाही भोकं एका लहान वाटीखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती. सुभेदारांनी कागद उजेडाला धरून बघितला, मग पिस्तूल मागून घेतलं आणि त्यांच्या मोठ्या पंजात ती मूठ धरायला गेले. ती त्यांना बसेना. चार बोटांपैकी एक बाहेरच राहिलं.

"कुनी केली ही?"

"राजिवड्याच्या मेस्त्रींनी. होड्या बांधतात ते."

हे मी मान ताठ करून सांगितलं. पुढे वर्षभर जो विचारेल त्याला सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. जिल्ह्यातून कोल्हापूरच्या स्पर्धेला तीन नेमबाज पाठवायचे ठरले, तेव्हा पिस्तुलासाठी माझं नाव पहिलं निघालं, आणि हात लहान असल्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता तेलाबद्दल सांगायला हवं. समुद्रावरच्या हवेत लोखंड चार दिवसांत तांबडं पडतं. सुभेदारांनी मला पिस्तुलाच्या तेलाची एक बारीक बाटली दिली होती, पण ते तेल पाण्यासारखं पातळ, आज लावलं की उद्या गायब. आमच्या घरी सगळ्यावर एकच औषध होतं, खोबरेल. केसांना खोबरेल, शिवणयंत्राला खोबरेल, दाराच्या बिजागरीला, वडिलांच्या गुडघ्याला, घावनाच्या तव्याला. मी पिस्तुलालाही तेच लावायला लागले आणि गंज पळाला. दोन पावसाळे गेले तरी आतल्या लोखंडावर डाग नाही. सुभेदार नाक मुरडायचे, तर मी त्यांना डागाळलेली त्यांचीच रायफल दाखवायचे. कोल्हापूरला जायच्या आदल्या दिवशी, प्रवासाला जायचंय म्हणून, मी आत दोन हात जास्तच फिरवले. अति तिथं माती होते, हे तेव्हा आठवलं नाही.

आणि गंमत अशी की पौषात खोबरेल गोठतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. थंडीच्या दिवसांत आम्हीसुद्धा बाटली उन्हात ठेवून मगच वेणी घालायचो. पण चांदमारी व्हायची उन्हं चढल्यावर, तापलेल्या खाणीत. बाटलीतलं तेल गोठतं हे माहीत असलेल्या गणिताच्या बाईला, पिस्तुलात तेच तेल आहे, एवढी साधी बेरीज जमली नाही.

जानेवारीत सुभेदार, डॉक्टर आणि मी एस.टी.नं आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मैदानावर हजर. माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी आयुष्यात एवढी थंडी पाहिली नव्हती. स्पर्धक तीसेक, बहुतेक लष्करातले नाहीतर पोलिसांतले, आणि बाई मी एकटीच. पाच-पाच गोळ्यांच्या आठ फेऱ्या होत्या. पहिले तिघे पुढे मुंबईच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते, आणि मला मुंबईला जायचं होतं. मला ते इतकं हवं होतं की मी घरी कुणाला बोललेसुद्धा नव्हते.

पहिली फेरी झकास झाली. तोवर पिस्तूल माझ्या शालीखाली मांडीवर होतं. मग गुण मोजेपर्यंत पाव तास ते समोरच्या टेबलावर गार वाऱ्यात पडून राहिलं. दुसऱ्या फेरीची पहिली गोळी सुटली. गोळी सुटल्यावर पिस्तुलाचा वरचा भाग मागे जातो आणि झटक्यानं पुढे येऊन नवं काडतूस बसवतो. तो मागे गेला आणि परत येताना अर्ध्यावरच थांबला. शिकवल्याप्रमाणे मी नळी निशाणाकडे ठेवून डावा हात वर केला.

पंच आले. निवृत्त कॅप्टन, उंच, मिशा तेल लावून पीळ दिलेल्या. त्यांनी पिस्तूल रिकामं करून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि त्यांची नजर मुठीवर थांबली. अंगठ्याच्या बाजूनं तिचा एक ओठ वरच्या भागाला अगदी लागून होता.

"हे बघा, बाई. लाकूड फुगलंय. इथं घासतंय. कुठल्या सुताराकडनं करून घेतलंय हे? गावठी काम आहे." मग ते मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा दोष नाही. सामानाचा दोष असला की फेरी पुन्हा मिळते. हे बाजूला ठेवा, आमच्याकडचं पिस्तूल घ्या आणि पाच गोळ्या परत मारा."

नियम असाच होता. दोष सामानाचा असेल तर फेरी परत. नेमबाजाच्या निष्काळजीपणाचा असेल तर न सुटलेल्या गोळ्यांना शून्य. माझ्या चार गोळ्या उरल्या होत्या, म्हणजे चाळीस गुण. मला फक्त मान डोलवायची होती. मागे उभ्या असलेल्या सुभेदारांनी तर डोलावलीसुद्धा.

मी अर्ध्या उघड्या फटीतून नख फिरवलं. नखावर पांढरा गोळा आला, पौषातल्या बाटलीतला असतो तसाच. माझ्या डोक्यात सगळी बेरीज एकदम झाली. आणि मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आला तो त्या 'गावठी' शब्दाचा.

"लाकूड फुगलेलं नाही," मी म्हणाले. "ते फुगूच शकत नाही. मी आत खोबरेल तेल लावलंय, ते गोठलंय. चूक माझी आहे. मुठीत दोष नाही."

"तुम्हांला कसं ठाऊक? सुताराचं काम—"

"सुतारानं नाही केली. मूठ मी केलीय."

पंचांनी माझ्याकडे बघितलं, मग नखाकडे बघितलं. "तर मग शून्य," ते म्हणाले, आणि वहीत तसं लिहिलं.

सुभेदारांनी रॉकेल पैदा केलं. आम्ही पिस्तूल उकलून पुसलं, त्यांच्या बारीक बाटलीतलं तेल लावलं. उरलेल्या सहा फेऱ्या मी ज्या मारल्या, तशा त्याआधी मारल्या नव्हत्या आणि त्यानंतरही नाही. मुठीनं माझा हात धरून ठेवला असं म्हटलं तरी चालेल. शेवटी मी चौथी आले. तिसऱ्यात आणि माझ्यात एकोणीस गुणांचं अंतर होतं. पंचांनी बक्षीस समारंभात माझा उल्लेख केला, रत्नागिरीच्या बाईंनी खरं बोलून चाळीस गुण सोडले असं सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंबई हुकली होती, तरी त्या टाळ्या मला आवडल्या. खूप आवडल्या.

गोष्ट आमच्या आधी रत्नागिरीत पोचली. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आमच्या मुख्याध्यापिकांनी ती सगळ्या शाळेला सांगितली आणि सत्य कसं बोलावं याचा नमुना म्हणून मला पुढे उभं केलं. वडिलांना बाररूममध्ये लोकांनी चहा पाजला. आठवडाभर मी गावातून चालत होते ती जरा सावकाशच, कुणाला थांबवायचं असेल तर थांबवता यावं म्हणून.

शनिवारी दुपारी राजिवड्याला गेले. मेस्त्रींना गोष्ट कळलेलीच होती. होडीवर काम करणारे दोघे मला बघून उठून उभे राहिले. मेस्त्रींनी माझ्यासाठी पाट टाकायला लावला.

"सगल्या मोहल्ल्यात सांगितलं मी," ते म्हणाले. "आमच्या वकिलाच्या बायनं मुठीला नाव ठेवू दिलं नाय. चालीस गुण टाकले, पन माज्या कामाला बोल लागू दिला नाय." त्यांनी पिस्तूल मागून घेतलं आणि त्या ओठावरून अंगठा फिरवला. "मंग त्या सायबानं इचारलं असंल, कोनी केली?"

तोपर्यंत, खरं सांगते, ते वाक्य माझ्या ध्यानातच नव्हतं. आठ दिवस मी ती गोष्ट पन्नास जणांना सांगितली होती आणि दर वेळी तेवढं एक वाक्य आपोआप गळून गेलं होतं. आता ते माझ्या कानात जसंच्या तसं ऐकू आलं. ते मी का बोलले, हेही कळलं. त्या मैदानावर, त्या अधिकाऱ्यांच्या घोळक्यात, 'सुतार' हा शब्द पंचांनी ज्या सुरात उच्चारला, त्या सुराला मी दबले. शब्दाला वर उचलायचं सोडून मी त्याच्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले. आणि वर सत्यवचनी म्हणून टाळ्या घेतल्या.

"विचारलं, चाचा," मी म्हणाले. "मी सांगितलं, मी केली."

दोघे कामगार माझ्याकडे बघायला लागले. मेस्त्रींनी पिस्तूल फडक्यात नीट गुंडाळलं, चारी टोकं दुमडली आणि माझ्या हातात दिलं.

"होडीलाबी मालकाचंच नाव लिवतात, बाय," ते म्हणाले. "मेस्त्रीचं कोन इचारतो." मग त्यांनी कानामागचा खडू काढला आणि फळीवर रेघ मारायला वळले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते आपलं रोजचं काहीतरी सांगावं तसं बोलले, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी मी चांदमारीला गेले नाही. टेबलाशी कागद घेऊन बसले आणि कोल्हापूरच्या पंचांना पत्र लिहिलं. मूठ मी केली असं मी आपल्याला सांगितलं, ते खोटं होतं. ती रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या होडी बांधणाऱ्या मेस्त्रींनी केली आहे. खाली त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि मोहल्ला लिहिला. पहिल्या खेपेला, मी रागात तसं बोलून गेले, असं लिहिलं होतं, ते फाडलं. दुसऱ्या खेपेला, घासकाम मात्र मी केलं, असं घातलं, तेही फाडलं. चाळीस गुण सोडायला मला एक श्वास पुरला होता. त्या दोन ओळी लिहायला रविवारची अख्खी सकाळ लागली.